बीदरचा रंगीन महाल आणि मंगळवेढ्याचे धान्य

केममध्ये लहानपणी कीर्तनातून दामाजीपंतांची कथा अनेकदा ऐकली. ते आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे बहामनी अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली. बादशहाने जाब विचारला, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपात बीदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला, अशी ती कथा. विठू जिथे गेला तो दरबार कसा असेल, असे तेव्हापासून वाटायचे.

पुढे बीदरचा किल्ला पाहिला. आतला रंगीन महाल बाहेरून अगदी साधा आहे. आत पाऊल टाकले की मात्र नजर ठरत नाही. दिवाणखान्यात बारीक कोरीव कामाचे लाकडी खांब आहेत, दारांच्या कडेने रंगीत फरशा आहेत. आतल्या दालनात काळ्याभोर दगडात शिंपल्याचे चकाकते तुकडे बसवून वेलबुट्टी आणि फारसी शेर उमटवले आहेत. काळ्यावर पांढरी चमक उठवणारी बीदरची बिदरी कलाही हीच नजर सांगते. तिथे शिंपल्याऐवजी चांदी असते. खांबांची घडण दख्खनी सुताराची, अक्षरांचे वळण इराणी. दोन्ही एकाच छताखाली नांदतात.

इथे इतिहास नीट सांगायला हवा. अहमदशहा वलीने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली ती पंधराव्या शतकात. दामाजीपंतांची कथाही परंपरेने त्याच शतकातली. महालाचे आजचे रूप मात्र बरीदशाही अली बरीदच्या (1542–1580) काळातले. म्हणजे कथेतल्या बादशहाने हा शिंपला पाहिलेला नाही. पण बहामनी काय किंवा बरीदशाही काय, खजिना भरायचा तो रयतेच्या साऱ्यानेच.

त्यामुळे मी हरखलो, तसा अस्वस्थही झालो. वर्गात मुले विचारतात, "सर, हे सुलतान आपले का?" नाव मुसलमानी आहे म्हणून सुलतानाच्या वैभवाचा वारसा सांगायला मी तयार नाही आणि त्याच्या जुलमाची लाज बाळगायलाही नाही. मला वारसा सांगायचा तो खांब कोरणाऱ्या, शिंपला घासणाऱ्या कारागिरांचा आणि उपाशी माणसासाठी कुलूप काढणाऱ्या दामाजीपंतांचा.

महिपतींच्या कथेत विठूला पाहून बादशहालाही त्याची ओढ लागते. मराठी माणसाने आपल्या देवाचे दर्शन त्या मुसलमान बादशहालाही घडू दिले. हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे.