वैदिक देवतांचा आध्यात्मिक अर्थ

वैदिक देवतांचा आध्यात्मिक अर्थ ही वेदमंत्रांच्या अर्थनिर्णयाची एक प्राचीन परंपरा आहे. अग्नी, इंद्र, सोम, मरुत् इत्यादी देवता तसेच समिधा, तूप, आहुती इत्यादी यज्ञांगे ही मनुष्याच्या शरीरात, प्राणात व मनात चालणाऱ्या व्यापारांची प्रतीके आहेत, असे ही परंपरा मानते. याच मंत्रांचा यज्ञपर, निसर्गपर व इतिहासपर अर्थ लावणाऱ्या परंपराही तितक्याच जुन्या आहेत. आधुनिक महाराष्ट्रात श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) यांनी या पद्धतीचा विस्तार केला व तिला समाजपर अर्थाची जोड दिली. अशा अर्थविवरणामुळे १९०८ मध्ये कोल्हापुरात राजद्रोहाचा खटलाही उभा राहिला.

संज्ञा

आजच्या मराठीत ‘अध्यात्म’ या शब्दाचा अर्थ परमार्थ किंवा मोक्षविचार असा होतो. ब्राह्मणग्रंथांत व उपनिषदांत मात्र ‘अध्यात्म’ म्हणजे ‘स्वतःच्या देहाच्या ठिकाणी’ आणि ‘अधिदैवत’ म्हणजे ‘देवतांच्या, म्हणजेच विश्वाच्या ठिकाणी’. एखादी गोष्ट विश्वात सांगून झाली की तीच देहात दाखवायची, अशी त्या ग्रंथांची पद्धत आहे. हा फरक ध्यानात न घेतल्याने पुष्कळदा गैरसमज होतो. मंत्राचा आध्यात्मिक अर्थ सांगणे म्हणजे त्यातून वेदान्त काढणेच असे नाही. डोळा, वाणी, श्वास व मन यांच्याशी देवतेचे नाते दाखवणे हे त्याचे मूळ स्वरूप होय.

वेदांतील आधार

या नात्याचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ ऋग्वेदातील पुरुषसूक्त (१०.९०) हे आहे. त्यात विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, मुखापासून इंद्र व अग्नी आणि प्राणापासून वायू उत्पन्न झाल्याचे सांगितले आहे. ऐतरेय उपनिषदात हाच क्रम उलट दिशेने येतो. तेथे अग्नी वाणी होऊन मुखात, वायू प्राण होऊन नाकपुड्यांत, सूर्य दृष्टी होऊन डोळ्यांत आणि चंद्र मन होऊन हृदयात प्रवेश करतो. देवता बाहेर आहेत तशा आतही आहेत, या भूमिकेला याहून स्पष्ट आधार क्वचितच मिळेल.

सूक्तांमध्येही काही ठिकाणी द्रव्य आणि त्याचा गूढार्थ यांत भेद केलेला आढळतो. विवाहसूक्तात (१०.८५) वनस्पती कुटून रस पिणाऱ्याला आपण सोम प्यालो असे वाटते, परंतु जाणत्यांना ठाऊक असलेला सोम कोणीही सेवन करत नाही, असा विचार आहे. तेथे सोम म्हणजे चंद्र अभिप्रेत आहे. वैश्वानर अग्नीच्या एका सूक्तात (६.९) अंतरात ठेवलेल्या ज्योतीचा उल्लेख येतो. विश्वामित्रांच्या नावावरील गायत्री मंत्रात (३.६२.१०) सवित्याकडे पाऊस किंवा धन मागितलेले नाही, बुद्धीला प्रेरणा मागितली आहे.

यास्क आणि भाष्यकार

यास्काचार्यांच्या निरुक्तात अर्थनिर्णयाचे अनेक पक्ष नोंदलेले आहेत. वृत्र म्हणजे कोण, या प्रश्नावर नैरुक्त ‘मेघ’ असे उत्तर देतात, तर ऐतिहासिक ‘त्वष्ट्याचा पुत्र असुर’ असे म्हणतात. मंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचे मत सांगून यास्कांनी त्याचे खंडन केले आहे. वाणीच्या फुला-फळांविषयीच्या एका ऋचेवर भाष्य करताना यज्ञज्ञान हे फूल व देवताज्ञान हे फळ, अथवा देवताज्ञान हे फूल व अध्यात्म हे फळ, असे दोन पर्याय ते देतात. आध्यात्मिक अर्थ ही आधुनिकांची कल्पना आहे, हा आक्षेप या एका स्थळामुळे टिकत नाही. निरुक्ताचे मराठी भाषांतर वैजनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले आहे.

चौदाव्या शतकातील सायणाचार्यांचे भाष्य प्रामुख्याने यज्ञपर आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी ऋग्वेदाच्या आरंभीच्या ४० सूक्तांवर भाष्य लिहून त्यांत आध्यात्मिक अर्थ दाखवला. आत्मानंद यांनी अस्यवामीय सूक्तावर (१.१६४) याच दृष्टीने भाष्य केले.

यज्ञाचे अंतर्मुखीकरण

यज्ञविधीही हळूहळू देहात पाहिला जाऊ लागला. छांदोग्य उपनिषदात मनुष्याचे आयुष्यच सोमयाग मानले आहे. त्यातील पहिली २४ वर्षे हे प्रातःसवन, पुढील ४४ वर्षे हे माध्यंदिन सवन आणि त्यापुढील ४८ वर्षे हे तृतीय सवन होय. त्याच उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात भोजन हे अग्निहोत्र ठरते; प्राण, व्यान, अपान, समान व उदान यांना क्रमाने आहुती दिल्या जातात. महाराष्ट्रातील पारंपरिक ब्राह्मण घरांत जेवणाच्या आरंभी घेतल्या जाणाऱ्या पाच प्राणाहुती हे या विचाराचे आजही दिसणारे रूप आहे. ताटाबाहेर भाताच्या लहान मुदी ठेवतात त्या चित्राहुती वेगळ्या. प्राणाहुती गिळल्या जातात, कारण तेथे जठराग्नी हाच होमाचा अग्नी असतो.

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात इंद्रियसंयम, प्राणायाम व ज्ञान यांनाही यज्ञ म्हटले आहे. ज्ञानेश्वरीत (इ.स. १२९०) हे रूपक मराठीत विस्ताराने उतरले. त्यामुळे यज्ञशाळेत प्रवेश नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही अंतर्यज्ञाची कल्पना पोहोचली.

आधुनिक काळ

श्रीअरविंदांनी १९१४ ते १९१६ या काळात ‘आर्य’ या नियतकालिकातून वेदांचा मानसशास्त्रीय अर्थ मांडला. त्यांच्या मते अग्नी म्हणजे दिव्य संकल्पशक्ती, इंद्र म्हणजे प्रकाशित मन, सोम म्हणजे आनंद, गाय म्हणजे प्रकाश आणि वृत्र म्हणजे सत्याला झाकणारे आवरण होय. या मांडणीला निघंटूचा काहीसा आधार आहे. त्या कोशाचा पहिलाच शब्द ‘गौः’ असून तो पृथ्वीवाचक आहे. पुढे तोच शब्द किरण व वाणी यांच्या नामांतही येतो.

सातवळेकरांचा जन्म सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार हैदराबादेत असताना आर्य समाजाच्या प्रभावामुळे वेदाध्ययनाकडे वळला. औंध संस्थानात त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. १९४८ मध्ये हे कार्य गुजरातेतील पारडी येथे हलले. प्रत्येक मंत्राचे अध्यात्म, अधिभूत व अधिदैवत असे तीन अर्थ पाहावेत, हे त्यांचे सूत्र होते. इंद्र देहात जीवात्मा व समाजात राजा असतो. मरुत् देहात प्राण, समाजात सैनिक व सृष्टीत वायू असतात. अधिभूत म्हणजे मानवसमाज, हा अर्थ जुन्या ग्रंथांच्या पुढे जाणारा आहे आणि त्यांच्या विवरणाचे वेगळेपण येथेच आहे.

त्याचे परिणामही येथेच झाले. शत्रुनाशाच्या व स्वराज्याच्या प्रार्थना वर्तमान समाजाला लागू केल्या की त्या राजकीय होतात. सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात प्रसिद्ध झाला. त्यावरून १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला होऊन संपादक विष्णु गोविंद विजापूरकर यांना कारावास भोगावा लागला. पुढे सातवळेकरांनाही अटक झाली. अथर्ववेदातील पृथ्वीसूक्तावरील त्यांचे ‘वैदिक राष्ट्रगीत’ हे पुस्तकही सरकारने जप्त केले. हजारो वर्षे पठणात असलेल्या मंत्रांवर सरकारचा आक्षेप नव्हता. आक्षेप त्यांच्या अर्थावर होता.

आक्षेप

लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) व ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या ग्रंथांत मंत्रांतील वर्णने ज्योतिषविषयक व ध्रुवप्रदेशातील निसर्गाची मानली. रा. ना. दांडेकर यांनी वैदिक देवतांच्या कल्पना लोकांच्या बदलत्या जीवनाबरोबर कशा विकसित झाल्या, याचा शोध घेतला. या दोन्ही दृष्टींत प्रतीकार्थ हा मूळ अर्थ ठरत नाही.

भाषाशास्त्राचा आक्षेप अधिक नेमका आहे. ‘अग्नी म्हणजे अग्रणी’ ही व्युत्पत्ती यास्कांची असून सातवळेकरांच्या विवरणात तिला महत्त्व आहे. परंतु लॅटिनमधील ‘इग्निस’ व लिथुआनियनमधील ‘उग्निस’ हे अग्निवाचक शब्द पाहता या शब्दाचा मूळ अर्थ प्रत्यक्ष आग हाच दिसतो. दानस्तुतींमध्ये तर दात्यांची नावे आणि मिळालेल्या गायी-घोड्यांची संख्या दिलेली असते. तेथे गाय म्हणजे प्रकाश असा अर्थ घेतल्यास प्रकाशाची मोजदाद करावी लागते. प्रतीकवादी भाष्यांत या भागांचे विवरण सहसा दुबळे आहे. याउलट पुरुषसूक्त किंवा अस्यवामीय यांसारख्या सूक्तांचा निव्वळ निसर्गपर अर्थ लावणाऱ्यांचीही अशीच ओढाताण होते.

सातवळेकरांचा अर्थ न स्वीकारणारे अभ्यासकही त्यांनी छापलेल्या संहितांचा उपयोग करतात. ‘दैवत संहिता’ या संकलनात त्यांनी मंत्रांची देवतांनुसार मांडणी केली आहे.