कुंपण कोणाचे, गुरे कोणाची?

मानखुर्द या नावातील ‘खुर्द’ हा शब्द, ते साष्टीतले एक धाकटे गाव असल्याची खूण आहे. शेजारच्या देवनारला १९७१ पासून पशुवधगृह आहे. तिथे गुरांची वेस भिंतीने ठरते. जुन्या गावात ती बांध, काट्यांची वई आणि गुराखी यांवर सोपवलेली असे. म्हैस शेजाऱ्याच्या भातात शिरली, तर दोष कोणाचा? वई न घालणाऱ्याचा, की गुरे न वळणाऱ्याचा?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत कायद्याने कुंपणाचा भार पिकाच्या मालकावर टाकला. इंग्रजी कायद्याने तो जनावराच्या मालकावर ठेवला होता, आणि आपल्याकडे तेच तत्त्व आले. १८५७ चा आणि त्याची जागा घेणारा १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा यांनी गावोगावच्या कोंडवाड्यांना कायदेशीर रूप दिले. नुकसान करणारे जनावर धरून शेतकऱ्याने चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात धाडावे. म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, शेळीला एक आणा दंड. वर वैरणीचा खर्च. मालक आला नाही, तर अखेर लिलाव.

दोन बरोबरीच्या शेजाऱ्यांत हा न्याय अवाजवी नव्हता. दरवर्षी सगळ्या बांधावर काटेरी वई घालणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. परंतु १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेले गुरूही सार्वजनिक लागवडीची नासधूस करणारे मानले गेले. आता शेजारी होते खुद्द सरकार! त्याची हद्द नकाशावर आखलेली, आणि ती ओळखण्याची जबाबदारी मात्र गुराख्याची. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत, त्यामागे गायराने आणि चराई हिरावली गेल्याची ही वेदना आहे.

दया पवार यांच्या ‘कोंडवाडा’ (१९७४) या संग्रहाचे शीर्षक आपण बहुधा केवळ बंदिवासाची प्रतिमा म्हणून शिकवतो. पण कोंडवाडा हा नुसता तुरुंग नव्हे. जी हद्द आपण आखली नाही ती ओलांडल्याबद्दल तिथे कोंडले जाते, आणि सुटकेचे दाम धन्याला मोजावे लागते. शब्दाचा हा कायदेशीर इतिहास ध्यानात घेतला, की हद्द कोणी आखली, हा प्रश्न कवितेच्या वाचनातही टाळता येत नाही.