पाटीवर नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात अप्रेझल झालं. मॅनेजर तसा चांगला माणूस आहे, चहा वगैरे पाजून मगच विषयाला हात घालतो. म्हणाला, "बरं, ह्या वर्षी नवीन काय केलंस?"

मी गप्प. कारण गेली तीन वर्षं मी मेंटेनन्सच्या कामावर आहे. दुसऱ्या कुणीतरी बारा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड सांभाळायचा, रात्री दोनला फोन आला की उठायचं आणि बिघाड व्हायच्या आधीच त्याचा वास घ्यायचा, हे आमचं काम. वर्षभरात आमची सिस्टिम एकदाही कोसळली नाही. पण 'काहीच झालं नाही' हे त्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्याच आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राने ब्राझीलहून फोटो पाठवला. तो सध्या कामासाठी फ्लोरियानोपोलिसला आहे. फोटोत संध्याकाळच्या उजेडात उभा असलेला एक जुना पोलादी झुलता पूल. खाली एवढंच लिहिलेलं, "अठ्ठावीस वर्षं सलग बंद होता, बोल!" डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे असं काही दिसलं की जुनी खाज उठतेच. शनिवार-रविवार त्यातच गेला. एका पुलावरून दुसऱ्यावर असं करत ब्राझीलचे चार पूल वाचून काढले. त्यांचीच ही गोष्ट.

सुरुवात सर्वात जुन्यापासून करू. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर रेसिफे नावाचं शहर आहे. सतराव्या शतकात हा भाग काही काळ पोर्तुगीजांच्या हातून डचांकडे गेला होता. १६३७ ते १६४४ या काळात इथे योहान मौरिट्स, म्हणजे ब्राझीलवाल्यांचा मौरिसिओ दि नासाऊ, हा डच गव्हर्नर होता. हौशी माणूस! त्याने नदीपलीकडच्या बेटावर नवं शहर वसवलं आणि रेसिफेला जोडायला पूल बांधायला घेतला. दगडी खांबांनी सुरुवात झाली, खर्च हाताबाहेर गेला, शेवटी उरलेला पूल लाकडात पुरा केला. बजेट संपलं की स्कोप कापायचा, ही पद्धत आपल्याला वाटते तेवढी नवीन नाही.

गंमत पुढे आहे. खर्च वसूल कसा करायचा? नासाऊने दवंडी पिटवली, की पुलाच्या उद्‌घाटनाला बैल आकाशात उडताना दिसेल. झालं, सगळं गाव लोटलं. आधी लोकांना एक खराखुरा, गरीब बैल दाखवला. मग कातड्यात पेंढा भरून केलेला दुसरा बैल दोरांवरून हवेत सरकवला. तो बघायला पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडून टोल घेतला, आणि एका दिवसात गल्ला चांगला जमला असं सांगतात. 'उडता बैल' ही गोष्ट रेसिफेत आजही सांगितली जाते. पूल मात्र अनेकदा बदलला. त्या जागी आज आहे तो १९१७ चा. नाव नासाऊचंच.

ही उद्‌घाटनाची हौस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मित्राच्या फोटोतला पूल. सांता कातारिना राज्याची राजधानी फ्लोरियानोपोलिस बेटावर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य भूमीवर जायचं तर होडीशिवाय इलाज नव्हता. राजधानीच आत मुख्य भूमीवर न्यावी, अशीही चर्चा होती. एर्सिलिओ लूझ हा तिथला गव्हर्नर. त्याने पुलाचा ध्यास घेतला आणि राज्याच्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाएवढं कर्ज काढलं. १९२२ मध्ये काम सुरू झालं. १९२४ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर मरणपंथाला लागला होता, म्हणून चौकात पुलाची एक छोटी लाकडी प्रतिकृती उभारून त्याच्या हस्ते तिचंच उद्‌घाटन करून घेतलं. काही दिवसांतच तो गेला. खरा पूल १३ मे १९२६ ला खुला झाला आणि त्याला ह्याचं नाव दिलं गेलं.

पुलाचं डिझाइन रॉबिन्सन आणि स्टाइनमन या अमेरिकन इंजिनिअरांचं. इथे जरा तांत्रिक व्हावं लागेल, पण सोपं आहे, बघा. साधारणपणे झुलत्या पुलाला तारांचे जाड दोर असतात. एका दोरात हजारो तारा, त्यातल्या चार-दोन तुटल्या तरी बिघडत नाही. ह्या पुलाला मात्र दोरांऐवजी साखळ्या लावल्या. लांब पोलादी पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना भोक, आणि भोकांतून आरपार जाणारी पिन. थोडक्यात सायकलची चेन, फक्त अवाढव्य. शिवाय पुलाच्या मधल्या भागात ही साखळीच खालच्या सांगाड्याचा वरचा भाग म्हणून वापरली. पोलाद कमी लागलं आणि पूल जास्त ताठ झाला. एक भाग, दोन कामं. मधला गाळा जवळजवळ ३४० मीटरचा. साखळ्यांच्या झुलत्या पुलांमध्ये जगातला सर्वात लांब.

ही कल्पना इतकी आवडली, की तशाच धर्तीवर अमेरिकेत ओहायो नदीवर एक पूल झाला. १९२८ चा सिल्व्हर ब्रिज. फरक एकच. ब्राझीलच्या पुलात साखळीच्या प्रत्येक कडीत चार पट्ट्या शेजारी-शेजारी होत्या, सिल्व्हर ब्रिजमध्ये दोनच.

१५ डिसेंबर १९६७, संध्याकाळची गर्दीची वेळ. सिल्व्हर ब्रिज गाड्यांसकट नदीत गेला. ४६ माणसं मेली. चौकशीत कारण सापडलं ते असं: एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा होता. गंज आणि ताण मिळून तो चाळीस वर्षं वाढत होता. जोड उघडल्याशिवाय तो दिसणं शक्यच नव्हतं. ती पट्टी तुटली, उरलेली एकटी तिरकी होऊन पिनवरून निसटली, साखळी सुटली आणि एका मिनिटाच्या आसपास सगळा पूल खाली. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, की भोकाच्या कडेला ताण साचतो. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. त्या पाच मार्कांचा अर्थ मला ह्या शनिवारी कळला.

आणि आमच्या धंद्यातही हे रोज बघतो की! दोन सर्व्हर आहेत म्हणून आपण निर्धास्त झोपतो. पण एक गेल्यावर दुसऱ्याला सगळा भार पेलेल का, हे कुणी तपासलेलं नसतं. तसा दुसरा असून नसल्यासारखाच.

मूळ ब्राझिलियन पूल त्यानंतरही चौदा वर्षं चालू राहिला. १९७५ मध्ये शेजारी दुसरा पूल झाला. १९७८ मध्ये एर्सिलिओ लूझ पुलाचं कर्ज एकदाचं फिटलं, उद्‌घाटनानंतर ५२ वर्षांनी. आणि जानेवारी १९८२ मध्ये साखळीच्या एका पट्टीत तडा सापडला. कर्ज फिटल्याला चार वर्षंही झाली नव्हती. पण इथे कडीत चार पट्ट्या होत्या. उरलेल्या तिघींनी भार धरून ठेवला होता. पूल पडला नाही, बंद केला गेला. सिल्व्हर ब्रिजच्या ४६ जणांच्या नशिबी त्या दोन जादा पट्ट्या नव्हत्या.

१९८८ मध्ये पादचारी आणि हलक्या वाहनांसाठी पूल थोडा काळ उघडला, १९९१ मध्ये पुन्हा बंद. मग वर्षानुवर्षं तेच: योजना, कंत्राट, वाद, कंत्राट रद्द, नवं कंत्राट. शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर पूल, आणि पुलावर माणूस नाही. शेवटच्या टप्प्यात काम झालं ते मात्र बघण्यासारखं. मधल्या गाळ्याखाली पाण्यात तात्पुरता आधार उभा केला, जॅक लावून गाळा उचलला, साखळीवरचा भार काढून घेतला आणि मग जुन्या पट्ट्या उतरवून नव्या बसवल्या. चालत्या माणसाचा कणा बदलण्यासारखं काम! ३० डिसेंबर २०१९ ला पूल परत खुला झाला.

तिसरा पूल रिओचा. रिओ दि जानेरो आणि नितेरॉय ही ग्वानाबारा उपसागराच्या दोन बाजूंची शहरं. पूर्वी एक तर फेरीबोट, नाहीतर शंभरेक किलोमीटरचा वळसा. १९६८ मध्ये इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या उपस्थितीत पुलाच्या कामाचा समारंभ झाला, कारण मधल्या पोलादी भागासाठी ब्रिटिश पैसा येणार होता. ४ मार्च १९७४ ला १३ किलोमीटरहून लांब पूल खुला झाला. त्यातला जवळजवळ नऊ किलोमीटर भाग पाण्यावर, आणि मधला गाळा ३०० मीटरचा, खालून जहाजं जावीत इतका उंच. तेव्हा लष्करी राजवट होती. पुलाला अधिकृत नाव मिळालं ते ज्याच्या काळात काम सुरू झालं त्या कोस्ता ए सिल्वा या राष्ट्राध्यक्षाचं. लोक मात्र सरळ 'रिओ-नितेरॉय' म्हणतात.

हा पूलही काही निर्दोष नव्हता. ताशी साठेक किलोमीटरचा वारा आडवा सुटला, की मधला पोलादी भाग वरखाली झुलायला लागायचा आणि वाहतूक थांबवावी लागायची. उद्‌घाटनानंतर तीस वर्षांनी, २००४ मध्ये, तिथल्याच विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी सुचवलेला उपाय केला. पुलाच्या पोकळ पोटात स्प्रिंगांवर वजनं बसवली. पूल वर जायला लागला की ती मागे राहतात आणि त्याची झोकांडी खाऊन टाकतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्याचा फोटो कुणी पोस्टकार्डावर छापणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वादळात, अनेक वर्षं उपसागरात बेवारस नांगरून ठेवलेलं एक मालवाहू जहाज सुटलं आणि येऊन पुलावर आदळलं. पूल लगेच बंद केला, तपासणी झाली, काही तासांत वाहतूक परत सुरू. कारण तिथे बघणारं कुणीतरी चोवीस तास होतं. १९९५ पासून हा पूल टोल घेणाऱ्या कंपन्यांकडे चालवायला दिलेला आहे. टोल म्हटलं की आपल्या कपाळावर आठी पडते, आणि ती का पडते हेही मला माहीत आहे. टोल असला म्हणजे निगा राखली जातेच असंही नाही. पण ह्या पुलाच्या देखभालीला रोज पैसा मिळतो, आणि ती कुणाची तरी लेखी जबाबदारी आहे, एवढं खरं.

कारण चौथा पूल वाचल्यावर ह्या साध्या गोष्टीची किंमत कळते.

जुसेलिनो कुबिचेक हा १९५६ ते १९६१ या काळातला राष्ट्राध्यक्ष. ब्राझिलिया ही नवी राजधानी उभारणारा. राजधानीला उत्तरेतल्या बेलेमशी जोडणारा महामार्ग त्याच्याच काळातला, आणि त्या रस्त्यावर टोकांटिन्स नदी ओलांडणारा पूलही त्याच्याच नावाचा. (ब्राझिलियातला २००२ चा तीन कमानींचा देखणा पूलही ह्याच नावाचा आहे. तो वेगळा.) ५३३ मीटर लांबीच्या ह्या काँक्रीटच्या पुलाचा मधला गाळा १४० मीटरचा, त्या काळी विक्रमी मानलेला. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर बांधलेल्या पुलावरून पुढची साठ वर्षं ट्रक वाढत गेले, जड होत गेले.

पूल दुरुस्तीला आलाय हे माहीत होतं. मे २०२४ मध्ये दुरुस्तीची निविदाही निघाली, पण ती फुकट गेली, काम कुणालाच मिळालं नाही. २२ डिसेंबर २०२४, रविवार दुपार. गावातला एक नगरसेवक पुलावर उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता, की बघा कशा भेगा पडल्यात, काहीतरी करा. तो बोलत असतानाच त्याच्या समोर रस्ता फाटला आणि मधला गाळा नदीत गेला. कार, मोटरसायकली, सल्फ्युरिक अॅसिड आणि कीटकनाशकं भरलेले ट्रक, सगळं पाण्यात. १४ जणांचे मृतदेह मिळाले, तिघे मिळालेच नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत उरलेला पूल सुरुंग लावून पाडला.

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा बघवला नाही. तो माणूस म्हणजे आमच्या भाषेत तिकीट टाकणारा हो! वेळेवर टाकलेलं, फोटोसकट, अगदी स्पष्ट लिहिलेलं तिकीट. आणि त्याच्या आधीची तिकिटंही रांगेत पडलेलीच होती.

चार पूल, चार पाट्या. एक गव्हर्नर डच, एक ब्राझिलियन, दोन राष्ट्राध्यक्ष. बांधायचं ठरवणाऱ्याचं नाव लागतं, ठीक आहे. एर्सिलिओ लूझने कर्ज काढायची छाती केली नसती तर पूल झालाच नसता. पण जानेवारी १९८२ मध्ये एका पट्टीत तडा बघून "आत्ताच्या आत्ता बंद करा" असं म्हणण्याचीही काही छाती लागत असेल की नाही? गर्दीचा पूल, लोक शिव्या घालणार, आणि पूल पडला नाही तर "उगाच बंद केला" म्हणणार. त्या निर्णयाने किती माणसं वाचली हे मोजता येत नाही. पडलेल्या पुलाचे आकडे असतात, न पडलेल्या पुलाचे नसतात.

असो. अप्रेझलचा फॉर्म अजून माझ्याकडेच आहे, उद्या सोमवारी परत द्यायचाय. 'नवीन काय केलं'च्या रकान्यात मी लिहिलंय: "मार्चमध्ये एक तडा सापडला, एप्रिलमध्ये बुजवला. कुणाला कळलं नाही." मॅनेजर काय म्हणतो ते बघू. चहा तर पाजेलच.