दारातली दुधाची पिशवी आणि जपानची किटली

एप्रिल १९९६. टोकियोच्या इकेबुकुरो भागातल्या एका भाड्याच्या घरात ७७ वर्षांची आई आणि तिचा ४१ वर्षांचा आजारी मुलगा मृतावस्थेत सापडले. जाऊन काही आठवडे झाले होते. आधी पैसे संपले, मग खाणं संपलं. आई वहीत सगळं लिहून ठेवत होती, आज काय खाल्लं, हातात किती उरले. ती वही पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. इकेबुकुरो म्हणजे काही आडगाव नाही. तिथल्या स्टेशनातून रोज लाखो माणसं जा-ये करतात.

जपानी भाषेत अशा मरणाला स्वतंत्र शब्द आहे, कोदोकुशी. एकट्याने मरणं आणि कुणाला न कळणं.

या घटनेनंतर जे प्रयत्न सुरू झाले त्यातून एक अजब वस्तू निघाली. झोजिरुशी ही ओसाकाची थर्मास आणि राइस कुकर बनवणारी जुनी कंपनी. (नावाचा अर्थ हत्ती छाप!) तिने २००१ मध्ये ‘आय-पॉट’ नावाची विजेची किटली आणली. दिसायला साधी, पाणी गरम ठेवणारी. पण आत बिनतारी यंत्र. आजीने किटली चालू केली, चहासाठी पाणी घेतलं की त्याची नोंद व्हायची आणि दिवसातून दोनदा मुलाला किंवा मुलीला ईमेल जायचा. आठवड्याचा आलेखही बघता यायचा. रोज सकाळी सहाला चहा घेणारी आई आज दहा वाजेपर्यंत किटलीकडे फिरकली नाही, म्हणजे फोन करून बघायला हवं.

यातली खुबी बघा. म्हाताऱ्या माणसाला नवीन काही शिकायचं नाही, काही दाबायचं नाही, गळ्यात काही घालायचं नाही. फक्त चहा प्यायचा.

कारण त्याआधी जे होतं ते बटण होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान यांनी घरातून मदत मागायची यंत्रणा तयार केली. १९७४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी ‘लाइफलाइन’ सुरू केली. पडलात तर गळ्यातलं बटण दाबा, टेलिफोनवरून पलीकडे माणूस येईल. कल्पना उत्तमच होती. पडण्यापेक्षा पडून राहणं जास्त घातक असतं. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांपैकी निम्मी माणसं सहा महिन्यांत गेली होती.

पण २००८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदी ओलांडलेल्या माणसांचा अभ्यास छापला, त्यात वेगळंच दिसलं. बटणं बऱ्याच जणांकडे होती. तरी जमिनीवर बराच वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत. का, हे कळायला केंब्रिजला जायची गरज नाही. आपल्या घरातली म्हातारी माणसंही हेच म्हणतात, ‘कशाला उगाच कुणाला त्रास?’ पडलं तरी पहिल्यांदा लपवतात.

म्हणून पुढचं सगळं तंत्रज्ञान ‘माणसाने काही न करता यंत्राला कळलं पाहिजे’ या दिशेने गेलं. भिंतीवरचे सेन्सर, गादीखालचे सेन्सर. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात पडणं ओळखायची सोय आली. जोरात पडल्यावर साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही, तर घड्याळ आपणहून आपत्कालीन मदतीला फोन लावतं. आता तर रोजच्या चालीतला, झोपेतला बदल टिपून आधीच सांगणारी ‘बुद्धिमान’ यंत्रं येऊ घातली आहेत.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे किटलीच्या आधीपासून दुधाची पिशवी आहे. नऊ वाजले तरी दारात पिशवी लटकतेय, पेपर तसाच पडलाय, की शेजारीण कडी वाजवणार. त्याला कोणी तंत्रज्ञान म्हटलं नाही एवढंच. पण आता शेजारच्याच घराला कुलूप असतं. मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात. सुट्टीला आली की जाताना हॉलमध्ये कॅमेरा लावून जातात. आमच्या ओळखीच्या एक काकू संध्याकाळ झाली की त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात. ‘जेवताना कुणी बघत बसलेलं मला नाही आवडत.’ मला काकूंचं पटतं. मुलांची काळजी खोटी नाही, पण कॅमेरा माणसावर नजर ठेवतो आणि किटली फक्त सवयीवर. हा फरक मोठा आहे.

तरी एक गोष्ट या किटलीच्या कौतुकात निसटते. इकेबुकुरोच्या त्या घरात १९९६ साली ही किटली असती, तर मायलेक वाचले असते का? मला नाही वाटत. ईमेल कुणाला गेला असता? त्यांना मुळात विचारपूस करणारंच कुणी उरलं नव्हतं. शिवाय त्यांना गरज होती ती तांदळाची. घरात अन्न नाही हे किटलीला कळत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं सुमारे १० कोटी ३८ लाख होती. आता कितीतरी जास्त असणार. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारने १४५६७ ही हेल्पलाइन काढली. चांगली सोय आहे, निराधारांसाठी, छळाच्या तक्रारीसाठी, पेन्शनच्या चौकशीसाठी. पण ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते. म्हातारं माणूस पहाटे तीनला बाथरूमला जाताना पडलं तर ११२ लावायचा. आणि तो लावायला फोन हाताशी हवा, तोही जमिनीवरून हात पोचेल इतका खाली.

आपल्या गल्लीत एकटं राहणारं कोण कोण आहे, हे नगरपालिकेकडे लिहिलेलं आहे का? पुढच्या आठवड्यात जाऊन विचारणार आहे. जे उत्तर मिळेल ते इथेच टाकतो. तोवर तुमच्या वॉर्डातली माहिती असेल तर कमेंटमध्ये सांगा. नावं नकोत, फक्त वॉर्ड आणि किती जण एवढंच लिहा.