पोर्तुगालमध्ये शिवलेली ब्रिटिश देशभक्ती

आजची गोष्ट आहे एका टी-शर्टची. छातीवर ब्रिटनचा झेंडा आणि 'आयॅम बॅकिंग ब्रिटन', म्हणजे 'मी ब्रिटनच्या पाठीशी आहे'. साल १९६८. लंडनमध्ये हे टी-शर्ट विकायला आले, आणि थोड्याच दिवसांत पेपरवाल्यांनी शोधून काढलं की ते शिवलेत पोर्तुगालमध्ये! विकणाऱ्याचा खुलासा साधा होता: या भावात, या दर्जाचा माल ब्रिटनमध्ये मिळत नाही.

हसू येतं ना? पण या एका खुलाशात त्या देशाच्या कारखानदारीचं सगळं दुखणं होतं. म्हणून जरा मागे जाऊ.

१८ नोव्हेंबर १९६७. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने पौंडाची किंमत २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणली. कारण काय, तर निर्यातीपेक्षा आयात जास्त आणि पौंड सांभाळता सांभाळता तिजोरीला गळती. जगातला पहिला औद्योगिक देश म्हणवणाऱ्यांना हा घाव चांगलाच लागला.

डिसेंबर संपता संपता लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये, हीटिंग आणि व्हेंटिलेशनशी संबंधित माल बनवणाऱ्या कोल्ट नावाच्या कंपनीतल्या पाच सेक्रेटरी मुलींनी ठरवलं: रोज अर्धा तास जास्त काम करायचं, पैसे न घेता. देशासाठी. आज असती तर ही पोस्ट व्हायरल झाली असती. तेव्हा पेपर आणि टीव्हीने ते काम केलं. इतर कंपन्यांतही लोक पुढे आले. विल्सन यांनी पाठ थोपटली, राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनीही कौतुक केलं. बिल्ले, पिशव्या, मग, सगळीकडे झेंडा. ब्रूस फोर्सिथ या टीव्हीवरच्या लाडक्या कलाकाराने गाणंही रेकॉर्ड केलं, पण ते काही चाललं नाही. प्रकाशक आणि खासदार रॉबर्ट मॅक्सवेल यांनी 'बाय ब्रिटिश', म्हणजे ब्रिटिश माल घ्या, असा वेगळाच धोशा लावला.

मग कामगार संघटना उठल्या. त्यांचा प्रश्न रोखठोक होता: आज अर्धा तास फुकट दिला, तर उद्या मालक तो हक्काने मागणार नाही कशावरून? आणि यंत्रं जुनी, मॅनेजमेंट ढिलं, तर त्याची भरपाई टायपिस्टच्या अर्ध्या तासाने कशी होणार? काही महिन्यांत मोहीम विरून गेली. १९६९मध्ये परदेशी व्यवहाराचा हिशोब पुन्हा जमेच्या बाजूला आला खरा, पण त्याचं मोठं श्रेय जातं स्वस्त झालेल्या पौंडाला आणि रॉय जेन्किन्स यांच्या कडक बजेटला. बिल्ल्यांना नाही.

अशी हाक ब्रिटनने पहिल्यांदा दिली होती असंही नाही. १८८७मध्ये त्यांनी मर्चंडाइझ मार्क्स कायदा केला. शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्यांची नक्कल करून स्वस्त जर्मन माल येत होता, त्याला चाप बसावा हा एक हेतू. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव छापायला लागलं. म्हणजे 'मेड इन जर्मनी' हा शिक्का मुळात लाज वाटावी म्हणून होता! जर्मनांनी माल इतका सुधारला की तोच शिक्का पुढे भरवशाचा झाला. नाव तेच राहिलं, बदलला तो कारखाना.

आता १९३१. इथे आपणही गोष्टीत येतो. सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या आणि त्याला एक कारण होतं आपला परदेशी कापडावरचा बहिष्कार. १९१३मध्ये लँकेशायरचं सुमारे ३०० कोटी यार्ड कापड भारतात यायचं. गांधीजींनी बेकार कामगारांचं दुःख मान्य केलं, पण भारतातली उपासमार त्याहून कितीतरी मोठी आहे हेही तोंडावर सांगितलं. तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला. तो फोटो प्रसिद्ध आहे. आणि दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, ब्रिटनने स्वतःची 'बाय ब्रिटिश' मोहीम काढली. म्हणजे साहेबाचीच स्वदेशी!

फक्त एक गोष्ट विसरू नका. लँकेशायरला एकट्या बहिष्काराने नाही हरवलं. जपानचं स्वस्त कापड होतं, आयातीवरचा कर होता आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या होत्या. गिरणगावातल्या कितीतरी गिरण्यांची यंत्रं आली होती लँकेशायरच्याच ओल्डहॅममधून, प्लॅट ब्रदर्सकडून. स्पर्धकाला हत्यार त्यांनीच विकलं होतं. १९५८ येईपर्यंत ब्रिटन सुती कापड विकण्यापेक्षा विकत जास्त घेऊ लागला.

आज काय स्थिती आहे? १९७०च्या सुमारास ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत कारखानदारीचा वाटा चौथ्या हिश्श्याहून जास्त होता. आता तो १० टक्क्यांच्या आसपास आहे. पण सगळं संपलं असंही नाही. डर्बीत रोल्स-रॉइस विमानांची इंजिनं बनवते, वेल्समधल्या ब्रॉटनमध्ये एअरबसचे पंख बनतात.

गोंधळ आहे तो 'ब्रिटिश माल' या शब्दाचा. डायसनने २००२मध्ये व्हॅक्यूम क्लीनरचं उत्पादन मलेशियाला नेलं; नाव ब्रिटिश, यंत्र तिकडचं. सन्डरलंडमधली निसान गाडी नावाने जपानी, पण बनवणारे हात ब्रिटिश. जॅग्वार लँड रोव्हरचे मालक २००८पासून आपले टाटा. आणि तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या प्रोसेसरचा आराखडा जवळजवळ नक्कीच केंब्रिजच्या आर्मचा आहे. चिप मात्र बहुतेक तैवान नाहीतर कोरियात बनलेली. मग यातलं ब्रिटिश काय?

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण रास्पबेरी पाय. आमच्यासारख्या कोडवाल्यांचा हा लाडका छोटा कॉम्प्युटर २०१२मध्ये आला तेव्हा चीनमध्ये बनत होता. त्याच वर्षी उत्पादन वेल्समधल्या पेनकोडच्या सोनी कारखान्यात आलं, किंमत न वाढवता. तिथे ऑटोमॅटिक यंत्रं होती, कसबी माणसं होती, म्हणून हिशोब जुळला. कोणी झेंडा दाखवून ग्राहकाला गळ घातली नव्हती.

मला वाटतं, १९६८ची चूक इथेच आहे. त्या पाच मुलींची तळमळ खोटी नव्हती. पण जे काम यंत्रांत पैसा घालणाऱ्यांचं, शिक्षणाचं आणि सरकारी धोरणाचं होतं, ते टायपिस्टच्या आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकलं गेलं. देशी माल घ्या हे सांगणं सोपं आहे, कारण त्यात सांगणाऱ्याचा खर्च शून्य. त्यामुळे पुढच्या वेळी फोनवर असा मेसेज आला, तर माल जरूर घ्या, पण एक प्रश्नही विचारा: गिऱ्हाईक म्हणून मी माझा वाटा उचलतोय, कारखानदार आणि सरकार त्यांचा उचलतायत का?

पटलं नसेल तर भांडायला या, स्वागत आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!