सत्यप्रत

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढल्यावर एक सवय हाडीमासी खिळते. झेरॉक्स पुढे आली की आधी मूळ कागद मागायचा, पानन् पान ताडायचे आणि मगच ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून सही करायची. उद्या चूक निघाली तर विचारायला माणूस सापडतो, तो या सहीमुळेच.

हे आठवायला निमित्त झाले एका पुस्तकाचे. वडिलांकडची जुनी प्रत वाळवीने फस्त केली आणि बाजारातून पुस्तक केव्हाच गेलेले. गेल्या पावसाळ्यात कळले की ते मागणीनुसार छापून मिळते. म्हणजे जुनी प्रत स्कॅन करून संगणकात ठेवायची आणि कुणी पैसे भरले की तेवढी एकच प्रत छापायची. हजार प्रती काढून गोदामात रचायची भानगड नाही. मी लगेच मागवली. वडील दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अरे, ९७ नंतर एकदम १००?” स्कॅन करताना दोन पाने एकदम उलटली गेली असणार. पुढे एका पानावर कुणाचा तरी अंगठा. मूळ प्रत कुठल्या वाचनालयाची, आवृत्ती कोणत्या सालची, कशाचाच पत्ता नाही.

पुस्तके हरवणे आणि पुन्हा उभी राहणे गोव्याला नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा निघाले. या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. काव्य तगले ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखिते एकमेकांशी ताडून मंगळुरात ते पुन्हा छापले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून आली १९५६ साली. दोघांनीही ग्रंथावर संपादक म्हणून आपले नाव घातले. माझ्या लेखी तीच सत्यप्रतीवरची सही.

आज कायद्याचीही फारशी आडकाठी नाही. लेखकाच्या निधनाचे वर्ष संपल्यापुढे ६० वर्षे हक्क राहतो. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली गेले, म्हणजे त्यांचे ‘निवेदन’ २००८ पासून कुणालाही छापता येते. पण परवानगीची गरज संपली म्हणून जबाबदारी संपत नाही. उलट हक्कदार उरला नाही की तक्रार करायलाही कुणी उरत नाही.

गावोगावच्या वाचनालयांत अशी कितीतरी पुस्तके कसर लागून पडली आहेत. ती जरूर स्कॅन करावीत, विकावीतही. फक्त पाने मोजावीत, गहाळ असतील तर तसे पहिल्याच पानावर लिहावे, मूळ प्रत कुठली ते सांगावे आणि खाली आपले नाव घालावे. एवढ्याला फार तर एक तास लागेल.

वडिलांनी ९७ आणि १०० च्या मध्ये दोन कोरे कागद ठेवले आहेत. कुठे धड प्रत मिळाली तर ती दोन पाने मी हाताने उतरवून घेणार आहे. खाली सही करून.