दुप्पट टोलची जुनी गोष्ट

(बोलताना पुढेमागे झालेलं थोडं नीट करून या भागाचा मजकूर इथे देतोय. ज्यांना ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी.)

आजच्या भागाची सुरुवात आरटीओच्या एका फॉर्मपासून करतो. फॉर्म नंबर २८. गाडी दुसऱ्या राज्यात विकायची असेल तर आपल्या आरटीओकडून एनओसी घ्यावी लागते, त्याचा हा अर्ज. माझी जुनी गाडी बेळगावच्या मावसभावाने घ्यायची ठरवली. व्यवहार घरातलाच, किमतीची घासाघीस नाही. मी निवांत बसून अर्ज भरायला घेतला आणि एका प्रश्नापाशी अडलो. या गाडीवर न भरलेल्या टोलची मागणी बाकी आहे का?

मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, नाही म्हणून लिहून टाक की. एवढं काय त्यात?"

आता खरं सांगायचं तर मला दिवाळीतली एक रात्र आठवली. गावाहून परत येताना नाक्यावर ही गर्दी. आडवा दांडा वरच होता आणि जाकीट घातलेला एक पोरगा हात हलवून सगळ्यांना पुढे काढत होता. मीही गेलो. पैसे कापल्याचा मेसेज आला की नाही, ते तेव्हा पाहिलंच नाही. आता फास्टॅगचा हिशेब काढून पाहिला, तर जातानाची वजावट दिसते, येतानाची नाही. म्हणजे टोल बुडाला. कुणी बुडवला, हा वेगळा प्रश्न. पण सही माझी होणार होती.

हा प्रश्न फॉर्ममध्ये आला जानेवारी २०२६ मध्ये. केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि 'न भरलेलं शुल्क' अशी एक नवी व्याख्या आणली. राष्ट्रीय महामार्गावरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने तुमची गाडी गेल्याची नोंद केली आहे, पण टोल मिळालेला नाही, तर ती रक्कम तुमच्या गाडीवर बाकी. ती फेडेपर्यंत एनओसी नाही, फिटनेसचं नूतनीकरण नाही, मालवाहू गाडी असेल तर नॅशनल परमिटही नाही. म्हणजे नाक्यावरची उधारी आता गाडीच्या मागे मागे आरटीओपर्यंत येते.

ऐकायला हे सगळं एकदम नवं वाटतं. पण टोल न देणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न फार जुना आहे. किती जुना? आपल्याकडे नाणेघाटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. जुन्नरजवळच्या त्या घाटात सातवाहनांच्या काळातली गुहा आहे, नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून वर येणारे व्यापारी जकातीची नाणी त्या रांजणात टाकत, असं लोक सांगतात. शाळेच्या सहलीत मीही तो पाहिला आहे. पण नाणं न टाकताच एखादा बैल हाकून पुढे गेला तर त्याचं काय व्हायचं, ते काही रांजण सांगत नाही.

ते सांगणारा कागद सापडतो तो १८५१ सालचा. कंपनी सरकारने त्या वर्षी जो आठवा कायदा केला, तो टोलचा. इंडियन टोल्स अॅक्ट. अगदी छोटा कायदा, दोन-तीन पानांत संपतो. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रस्त्यावर आणि पुलावर सरकारला टोल घेता येईल, एवढं आधी सांगून टाकतो आणि मग लगेच मुद्द्यावर येतो. माणूस टोल देत नाही म्हणाला तर?

तर नाकेदाराने त्याची गाडी धरायची. किंवा बैल धरायचे, किंवा गाडीवरच्या मालापैकी टोल वसूल होईल इतका माल काढून घ्यायचा. चोवीस तास थांबायचं. तेवढ्यात टोल आणि जप्तीचा खर्च आला नाही, तर प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे. जप्त वस्तू ताब्यात आली की त्याने लगेच नोटीस काढायची की उद्या दुपारी बारा वाजता याचा लिलाव होईल. त्यात रविवार आणि सुटीचा दिवस मात्र धरायचा नाही! लिलावातून टोल आणि खर्च वळता करून घ्यायचा आणि उरलेली रक्कम मालकाने मागितली की परत द्यायची.

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी मी हा भाग करायला घेतला. लिलावाची बोली सुरू होण्याच्या आधी कुठल्याही क्षणी मालक येऊन म्हणाला, हा घ्या झालेला खर्च आणि हा घ्या दुप्पट टोल, तर अधिकाऱ्याने त्याची वस्तू तिथल्या तिथे सोडायची.

दुप्पट. हा आकडा ओळखीचा वाटला ना? फास्टॅग नसताना टॅगच्या लेनमध्ये शिरलं की दुप्पट, हा नियम आपण सगळ्यांनी सोसलाय. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्याच लेन टॅगच्या झाल्या आणि रोख देणारा प्रत्येक जण दुपटीत आला. पुढे १५ नोव्हेंबर २०२५ पासून थोडी सवलत मिळाली. टॅग नसेल किंवा चालत नसेल आणि पैसे यूपीआयने दिले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पट, असं तेव्हा ठरलं. नियम लिहिणाऱ्याने १८५१ चा कायदा समोर ठेवला होता, असं मी म्हणत नाही. पण त्या साली बैलगाडीवाल्याला सांगितलेली पट आणि माझ्या चारचाकीला सांगितलेली पट एकच आहे.

इथे थोडं थांबू, कारण मला जास्त रस पुढच्या कलमांत आहे.

सहावं कलम दुसऱ्या बाजूचं आहे. नेमणूक नसताना जो कुणी सार्वजनिक रस्त्यावर टोल मागेल, आणि नेमलेला असूनही जो ठरल्यापेक्षा जास्त टोल उकळेल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. १८५१ सालचे दोनशे रुपये बरं का. त्या दंडातला काही भाग ज्याला त्रास झाला त्याला देण्याची मुभा मॅजिस्ट्रेटला होती. सातवं कलम म्हणतं, नाक्याजवळ ठळक दिसेल अशा जागी दरांचा तक्ता लावा. इंग्रजीत लावा आणि त्या जिल्ह्याच्या भाषेतही लावा. आणि त्या तक्त्याखाली दोन्ही शिक्षा लिहा. टोल न देणाऱ्याची आणि बेकायदा टोल घेणाऱ्याची.

माझी कल्पनाशक्ती इथे जरा धावते. घाटाच्या तोंडाशी फळा आहे, मोडीत किंवा बाळबोधीत काहीतरी लिहिलंय. वाचता येणारा शंभरात एखादा. तो इतरांना वाचून दाखवतोय की बाबा रे, तू चुकलास तर हे, आणि हा नाकेदार चुकला तर ते. प्रत्यक्षात असं किती नाक्यांवर घडलं असेल, याबद्दल मी फार आशावादी नाही. कंपनीचं राज्य काही रयतेच्या कळवळ्याने चाललेलं नव्हतं. पण कागदावर तरी कायद्याने दोघांना एकाच फळ्यावर उभं केलं होतं. मुंबई इलाख्यासाठी पुढे १८७५ साली रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा वेगळा कायदाही झाला.

टोल नकोच म्हणणारेही तेव्हापासून आहेत. माहीमचा कॉजवे घ्या. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली तो पुरा झाला. आज तिथून जवळच समुद्रावर २००९ साली उघडलेला वांद्रे-वरळी सी लिंक आहे. तिथे टोल आहे.

आणि मग कोल्हापूर. ऐकणाऱ्यांपैकी कोल्हापूरकर म्हणतीलच, आमचं नाव कसं नाही अजून. शहरातले रस्ते खासगी कंपनीकडून करून घेतले, त्याच्या वसुलीसाठी शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले आणि २०११ च्या सुमारास आंदोलन पेटलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे अशी माणसं रस्त्यावर उतरली. एकट्यादुकट्याने टोल बुडवणं वेगळं. इथे अख्खं शहर म्हणत होतं, देत नाही. १८५१ च्या कायद्याने पोलिसांना नाकेदाराच्या मदतीला जायला सांगितलं होतं, तसे इथेही नाक्यांवर पोलीस उभे होते. पण किती गाड्या धरणार? जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. प्रकरण हायकोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने तो टोल रद्द करण्याचा निर्णय घेतला. नाके जाळणं मला पटत नाही. तरी एवढं खरं की तिथे भांडायला समोर नाका होता, माणूस होता.

आता नेमकं तेच बदलतंय. १८५१ ची जप्ती क्रूर होती, शेतकऱ्याचा बैल धरायचा म्हणजे काय असतं ते सांगायला नको. पण ती समोरासमोर होती आणि दोन-तीन दिवसांत संपत होती. आपल्याकडे कशाचे पैसे मागितले, हे माणसाला तिथेच कळत होतं. माझ्या दिवाळीच्या रात्री मला कुणीच काही मागितलं नाही. मागणी असलीच तर कुठल्यातरी सर्व्हरवर असणार, आणि तिची माझी गाठ पडणार गाडी विकताना. मालवाहू गाडी असेल तर हे फारच महागात पडतं. फिटनेस अडकला की गाडी उभी, आणि गाडी उभी की हप्ता डोक्यावर.

दुसरी बाजू अगदीच नाही असं नाही, आणि ती माहीत असावी म्हणून सांगतो. २०१८ च्या दुरुस्तीप्रमाणे तुमचा टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत आणि नाक्यावरचं यंत्रच बंद पडलंय, तर तुम्हाला फुकट सोडायचं आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. ती पावती मागून घ्या, फेकू नका. चुकीची वजावट झाली तर १०३३ वर किंवा टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करता येते. गाडी घरासमोर उभी असताना टोल कापल्याच्या तक्रारी यायला लागल्या, तेव्हा अशा प्रत्येक चुकीला वसुली करणाऱ्या कंपनीवर किमान एक लाखाचा दंड लावायला सुरुवात झाली. चांगलं आहे. ज्याचे पैसे कापले त्याला त्याचे पैसे परत मिळतात, दंडातलं मात्र काही मिळत नाही. दोनशे रुपयांतला वाटा देणारा तो जुना मॅजिस्ट्रेट मला इथे आठवतो.

आणि नेमणूक नसताना टोल घेणारे? तेही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या मोरबी जिल्ह्यात वघासियाजवळ एक अख्खा बोगस नाका उघडकीला आला. खऱ्या नाक्याच्या बाजूने, बंद कारखान्याच्या जागेतून गाड्या काढून कमी दरात टोल घेत होते, आणि दीड वर्ष हे चाललं होतं म्हणे. आजकालचा बोगस नाका तर फोनवरच येतो. टोल बाकी आहे, चलान आहे, लिंक दाबा, ही फाईल उतरवा. मंडळी, अशा मेसेजमधली लिंक दाबू नका. बाकी आहे की नाही ते स्वतः अधिकृत पोर्टलवर किंवा आपल्या बँकेच्या अॅपमध्ये जाऊन पाहा. १८५१ च्या सहाव्या कलमात पहिला गुन्हेगार हाच आहे, जास्त घेणारा त्याच्यानंतर येतो.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा नाक्याच्या आधी गाडी बाजूला घेऊन फलक वाचला. दर आहेत, मराठीतही आहेत. कुणाकुणाला माफी आहे त्याची लांबलचक यादी आहे. टॅग नसेल तर काय होईल तेही आहे. जास्त घेणाऱ्याला काय होईल, ते मला तरी कुठे दिसलं नाही. मागून ट्रकवाल्याने हॉर्न मारला म्हणून निघालो.

माझ्या अर्जाचं काय झालं, ते राहिलंच. १०३३ वर फोन केला, बँकेला मेल केला. चार दिवसांनी बँकेचं उत्तर आलं की त्या रात्री परतीच्या बाजूने तुमच्या टॅगची कुठलीच नोंद नाही, बाकीही नाही. म्हणजे दांडा वर होता तेव्हा यंत्राने मला पाहिलंच नव्हतं. ते पैसे द्यायला मी आजही तयार आहे, पण घेणाराच सापडत नाही. मग उत्तराची छापील प्रत अर्जाला टाचली, त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि सही केली.

मावसभावाला कळवलं. तो म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलो होतो की, दादा."